हिरव्या गाडीमागची ट्रॉली

"लिंब्या, वास कसला येतोय रं?"

"क्लचचा. गप बस जरा."

पसरणीच्या घाटात आम्ही निम्म्याच्या वर आलो होतो. स्टेअरिंग माझ्या हातात होतं आणि शेजारी उदाजीराव इनामदार दोन्ही पाय पुढं ताणून बसला होता, जणू त्याच्या पायांच्या जोरावर गाडी वर चढणार होती. मागं ट्रॉली होती. वळण आलं की ती आधी मागं खेचायची, मग बाजूला ओढायची. हलक्या अंगाच्या घोडीच्या शेपटीला कुणी खलबत्ता बांधावा, तशी त्या गाडीची गत झाली होती.

गाडी म्हणजे उदाच्या वडिलांची, थोरल्या सरकारांची. विलायतेहून बोटीनं मुंबईला उतरवलेली, दोन सीटांची, डोक्यावर छप्पर नसलेली. रंग बाटलीसारखा हिरवा, नाक लांब, चाकं तारांची. बसायची जागा इतकी खाली की शेजारून बैलगाडी चालली तर बैलाचं पोट दिसायचं. शर्यतीच्या रस्त्यावर पळायला केलेली ती चीज. तिच्यात दोन माणसं बसली की तिसरं म्हणून नारळ ठेवायलाही जागा उरत नसे. म्हणून ट्रॉली करावी लागली होती.

समोरून उतरणाऱ्या एस.टी.नं आम्हाला वाट देण्यासाठी डोंगराकडेला अंग चोरलं. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढून आम्हाला पुढून मागून बघितलं.

"मालक, गाढवाची गोणी हरणावर लादलीत की."

"हरण आमचं, गोणी आमची," उदा म्हणाला. "तुझं काय जातंय?"

"माझं काय न्हाई. हरणाला इचारलंत का?"

एस.टी.तली माणसं हसली. उदाही हसला. मी मात्र रस्त्यावरची नजर काढली नाही.

पुढं रस्ता जरा रुंद होता तिथं मी गाडी थांबवली. उतरून ट्रॉलीच्या चाकामागं दगड लावला आणि पाण्याचा डबा काढायला ताडपत्रीची दोरी सोडली. खाली वाईची देवळं आणि कृष्णाकाठची शेतं दिसत होती. इंजिनाच्या जाळीतून वाफ येत होती. ताडपत्री वर केली तर डब्याच्या शेजारी माझी लोखंडी ट्रंक. तिच्यावर माझी वळकटी, सुतळीनं बांधलेली.

"उदा, ही ट्रंक माझी हाय."

"हाय की."

"कुणी ठेवली?"

"हौसावहिनीनं दिली. वर थंडी असते, लिंब्या. तू कधी गेलायस का वर?"

"चार दिसांच्या थंडीला ट्रंक?"

"बायकांचं तुला ठावं न्हाई का? सदरा माग, तर सगळं कपाट बांधून देतील." तो दरीकडं बघत बोलत होता. "ते पाणी घाल आधी. जीव जाईल तिचा."

मी पाणी घातलं. सकाळी निघताना हौसा, म्हणजे माझी बायको, दारात उभी होती. "जपून ऱ्हावा," एवढंच बोलली आणि पदरानं डोळे पुसले. मी म्हणालो, "चार दिसांसाठी डोळे कशाला पुसतीस?" तर तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काहीतरी वेडंवाकडं बोललो होतो. मी मनाशी म्हटलं, हिला बरं वाटत नसेल.

आता माझं आणि उदाचं नातं सांगायला हवं. माझा बाप इनामदारांच्या पागेतला लोहार. घोड्यांना नाल मारायचा. घोडी गेली आणि पागेत ही गाडी आली, तेव्हा थोरल्या सरकारांनी माझ्या बापाला सांगितलं, "रामा, आता हिचे नाल तूच बघ." बापानंतर ते काम माझ्याकडं आलं. मी आणि उदा एका वयाचे. एका विहिरीत पोहायला शिकलो, एका झाडावरून पडलो. चारचौघांत मी त्याला सरकार म्हणायचो. दोघंच असलो की उदा, आणि तो मला लिंब्या. थोरले सरकार गेले तेव्हा हा माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला होता, स्वतःच्या भावाच्या खांद्यावर नव्हे.

साताऱ्याच्या एस.टी. वर्कशॉपात मला एकदा काम लागत होतं. पक्की नोकरी. उदा म्हणाला, "जाऊ नगंस. पागा हमरस्त्याला लागून हाय. तिथं तुला गॅरेज काढून देतो. तुझ्या नावाचं. माझ्या गाडीसकट सगळ्या तालुक्याच्या गाड्या तुझ्या दारात येतील." मी नोकरी सोडली. पागेचा विषय दरवर्षी निघायचा आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. पण त्या वर्षी त्यानं शब्दच दिला. "दसऱ्याला जाऊन आलो की पागेच्या दारावर तुझी पाटी." पाटीसाठी पत्रा निवडायला तो माझ्याबरोबर कोरेगावच्या दुकानात आला होता. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. तो म्हणाला, "अक्षरं मी काढतो. लाल रंगात. सावली देऊन." तो पत्रा माझ्या घरात भिंतीला टेकवून उभा होता आणि हौसा रोज त्याची धूळ पुसायची.

दसऱ्याला वर जायचं कारणही त्यानंच काढलं. पाचगणीला कुणी केणीसाहेब होते, मुंबईचे. त्यांचा वर बंगला होता आणि त्यांना जुन्या गाड्यांचा नाद. सणाला चार जुन्या गाड्या त्यांच्या आवारात जमणार होत्या. उदा म्हणाला, "यंदाची खंडेनवमी तिथंच करू. त्यांना बघू दे आपली पूजा कशी असते."

आमच्या पागेत खंडेनवमीला एक रीत होती. गाडी धुऊन पुसून मधे उभी करायची. तिच्यापुढं घोंगडं अंथरून तिचं असेल नसेल ते सगळं मांडायचं. सगळे पाने, हातोडे, जॅक, जादा चाकं, काढून ठेवलेले जुने भाग, डब्यातल्या बेअरिंगा. काही म्हणजे काही मागं ठेवायचं नाही. मागं राहिलेलं हत्यार वर्षभर रुसतं, असं माझा बाप म्हणायचा. मग झेंडूची फुलं, हळदकुंकू, आणि नारळ. तो नारळ मिस्त्रीनं फोडायचा. थोरले सरकार स्वतः हात जोडून मागं उभे राहायचे. एकदा मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी सोनं लुटून होईपर्यंत कुणी उचलायचं नाही. मग गावात कुणाचा ट्रक बंद पडो नाहीतर इंजिन.

"सगळं घ्यायचं," उदानं मला बजावलं होतं. "एक पानासुद्धा मागं ठेवू नगंस. दुसरा गिअरबॉक्स, ते अर्धं इंजिन, दिव्यांच्या काचा, सगळं. पूजा अपुरी नको."

मला त्याचं फार कौतुक वाटलं. थोरल्या सरकारांची रीत हा विसरला नाही. एवढं सामान त्या गाडीत कुठं बसणार, म्हणून मी ट्रॉली केली. जुन्या रिक्षाचा आस मिळवला, माझ्याकडचं लोखंड कापून जोडलं, गाडीच्या सांगाड्याला आकडा बसवला. पावसाळाभर मी त्याच्यामागं होतो. उदा संध्याकाळी येऊन पायरीवर बसायचा आणि बघायचा. "लिंब्या, तुझ्यासारखा तूच," म्हणायचा.

पाणी घालून झालं. गाडी निवल्यावर आम्ही निघालो आणि दुपार कलायच्या आत पाचगणीत पोहोचलो.

केणीसाहेबांचा बंगला घाट संपतो तिथून जवळच होता. साहेब अंगानं भरलेले, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. आम्ही आवारात शिरलो तेव्हा ते पायऱ्या उतरून आले. गाडीभोवती एक फेरी मारली आणि बॉनेटवर हात ठेवला, तापलेलं असूनही ठेवला. मी उतरलो तसे ते माझ्या जागेवर बसले आणि आरसा आपल्या उंचीला वळवला.

मला ते आवडलं. ज्याला गाडी कळते तो आधी आरसा बघतो.

"मिस्त्री, सकाळी गार पडली असली तर चालू कशी करता?"

मी सांगितलं. चोक किती ओढायचा, पाय कधी दाबायचा आणि कधी अजिबात दाबायचा नाही. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. दुसऱ्या गिअरला ती अडते, तिथं तिला जरा थांबून मनवायची. पावसात डावा दिवा पाणी पितो. उतारावर ब्रेकच्या नादी लागू नका, गिअरवर उतरवा. उदा व्हरांड्यात चहा घेत बसला होता. मी इकडं साहेबांना शेजारी बसवून आवारात फेऱ्या मारत होतो, आणि बायको माहेरच्या गोष्टी सांगते तशा त्या गाडीच्या खोडी एकेक करून सांगत होतो. काही म्हणता काही मागं ठेवलं नाही.

मग साहेबांनी मला गाडीखाना दाखवला. नवा बांधलेला. चुन्याचा वास अजून येत होता. मधोमध जमिनीत खड्डा खणून फरशी लावली होती, गाडी वर उभी करून खालून काम करायला. मी आत उतरलो. हात वर केला तर बरोबर हवा तिथं पोहोचला. वाकायला नको, टाचा उचलायला नको.

"जमतोय ना?" साहेब वरून म्हणाले. "उदाजीरावांनी तुमची उंची कळवली होती."

मी खड्ड्यातून वर बघत हसलो. मला वाटलं, उदा बेरकी आहे. इथं खणून बघतोय. जमला तर पागेतही असाच खणायचा त्याचा विचार असणार. त्या खड्ड्यात उभं राहून मी माझ्या पागेतल्या खड्ड्याची जागासुद्धा ठरवून टाकली, दाराच्या उजव्या अंगाला, उजेड येतो तिथं.

गाडीखान्यामागं एक खोली होती. खाट, स्टोव्ह, दोन पातेली, दोन कप. नोकरानं माझी ट्रंक आणि वळकटी तिथं आणून ठेवली. मी उदाला विचारलं, "बाकीच्या गाड्या कुठं हायेत रं?"

"येतील उद्या," तो म्हणाला. "दमलायस, पड जा." आणि तो बंगल्यात झोपायला गेला.

सकाळी मी आंघोळ करून घोंगडं अंथरलं. ट्रॉलीतलं एकेक काढून मांडलं, बाप मांडायचा तसं. मोठं मागं, लहान पुढं. बापाचा हातोडा आणि सांडशी सगळ्यांत पुढं. केणीबाईंनी झेंडूच्या माळा पाठवल्या. त्या गाडीच्या नाकावरून सोडल्या. बंगल्यातली माणसं नवे कपडे घालून आली. उदाही आला, पांढरा फेटा बांधून. दुसरी एकही गाडी आली नव्हती. मी हळदकुंकवाचं ताट उचललं तर त्यानं माझ्या कोपराला हात लावला.

"मिस्त्री, ताट केणीसाहेबांना द्या."

आख्ख्या जन्मात त्यानं मला मिस्त्री म्हटलं नव्हतं. अहोजाहोही केलं नव्हतं.

"सरकार, आपल्यात ही पूजा—"

"यंदा त्यांना करू द्या. मालकानं केलेली बरी."

ताट माझ्या हातातच होतं. केणीसाहेबांनी पुढं केलेले हात मागं घेतले. ते एकदा माझ्याकडं आणि एकदा उदाकडं बघायला लागले.

"उदाजीराव, तुम्ही यांना सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. म्हणजे, बोलणं झालं होतं थोडंफार."

"मला तर तुम्ही म्हणालात की मिस्त्री आनंदानं येतायत. खोली तयार ठेवा म्हणालात." साहेबांचा चेहरा उतरला. "मी असं कुणाला फसवून ठेवून घेत नाही हो. तुम्ही आधी यांच्याशी बोला. पूजा थांबेल."

मी ताट घोंगड्यावर ठेवलं. आम्ही दोघं गाडीखान्यामागं गेलो, माझ्या त्या खोलीच्या दारापाशी.

"विकलीस?"

"दिली."

"कवा?"

"उन्हाळ्यात बोलणं झालं."

"आणि पावसाळाभर मी ट्रॉली करत हुतो. तू पायरीवर बसून बघत हुतास."

त्यानं फेट्याचा शेमला मागं टाकला. "लिंब्या, मी पुण्याला चाललोय. पोरांच्या शाळा हायेत, हिचं तिथं माहेर हाय. गावात आता काय ऱ्हायलंय माझं? गाडी तिकडं कुठं ठेवू?"

"पागा?"

तो खोलीच्या दाराची कडी चाळवू लागला.

"उदा, पागा?"

"सोसायटीला दिली. खताचं गोदाम करणार हायेत."

"पाटीला पत्रा आणलाय मी. तू माझ्यासंगं येऊन निवडलास."

"मग तिथं दुकानात काय बोलू? तू इतका खुशीत हुतास."

हे तो असं बोलला की जणू माझ्या खुशीपायी त्यालाच त्रास झाला होता. मी खोलीतल्या खाटेकडं बघितलं, दोन कपांकडं बघितलं.

"आणि मी? माझं काय केलंस?"

"सोय केली तुझी," तो एकदम सोप्या आवाजात म्हणाला. "खोली, जेवण, पगार, सगळं ठरवून दिलं. साहेब म्हणाले, गाडी घेतो पण तिला ओळखणारा माणूस पाहिजे, न्हाईतर नको. आमच्या आजोबांनी हत्ती दिला हुता ना, तवा माहूत हत्तीबरोबरच गेला. जन्म काढला त्यानं तिकडं. कधी कुरकुर केली न्हाई."

"त्या माहुताला सांगितलं हुतं का?"

त्यानं पायाखालचा खडा बाजूला सारला.

"हौसाला काय सांगितलंस?"

"तुला समदं ठावं हाय, असं परवा सांगितलं. येत्या उन्हाळ्यात तिलाही वर न्यायचं म्हणून." मग जरा थांबून त्यानं खाली बघितलं. "आणि म्हणालो, त्याच्यापुढं विषय काढू नका, वहिनी. गाव सोडायचं म्हणून त्याचा जीव तुटतोय, उगंच रडारड नको."

म्हणून ती दारात जास्त काही बोलली नव्हती. ती मला मोठ्या मनाचा समजत होती आणि मी तिला आजारी.

"सगळं घे म्हणालास," मी म्हणालो. "एक पाना मागं ठेवू नगंस म्हणालास. थोरल्या सरकारांच्या रीतीचं नाव घेऊन."

"तसं न्हाई म्हटलं असतं तर तू आणलं असतंस का?"

त्याच्या तोंडावर खोटेपणा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की हा हिशेब मला पटावा. मी त्याच्याजवळून निघालो आणि पूजेपाशी आलो.

सगळे तसेच उभे होते. झेंडूच्या वासानं जागा भरून गेली होती. मी घोंगड्यापुढं बसलो आणि बापाचा हातोडा उचलला. मग सांडशी. मग माझे पाने, एकेक ओळखून. गाडीबरोबर विलायतेहून आलेली हत्यारं तिथंच राहू दिली, ती गाडीची होती.

केणीबाई हळूच म्हणाल्या, "अहो, मांडलेली हत्यारं उद्यापर्यंत उचलायची नसतात ना?"

"न्हाई उचलायची, बाई."

मी उचलत राहिलो. हळदकुंकू अजून लागायचं होतं, पण फुलं वाहिलेली होती. ती काढून परत घोंगड्यावर ठेवली आणि हत्यारं ट्रॉलीत भरली. जादा चाकं, गिअरबॉक्स, काचा, सगळं साहेबांच्या गाडीखान्यात भिंतीला नीट लावून ठेवलं. खोलीतून ट्रंक आणि वळकटी आणली.

केणीसाहेब माझ्यामागून चालत होते. "मिस्त्री, माझ्या मनात काही वाईट नव्हतं. तुम्ही राहिलात तर मला आनंदच आहे. विचार करा."

"तुमची काय चूक न्हाई, सायेब. गाडी चांगल्या घरी आली. फक्त ही ट्रॉली माझ्या लोखंडाची हाय."

"न्या की. तुमची आहे ती."

उदा व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभा होता. "ओढणार कशानं?" तो म्हणाला.

"हातानं."

आवारातून फाटकापर्यंत ती सहज आली. बाजारातल्या माणसांनी वळून बघितलं. घाट सुरू झाला तेव्हा मला कळलं की चढताना जी मागं ओढते, ती उतरताना पुढं ढकलते. दांडी माझ्या हातांत आणि ट्रॉली माझ्या पाठीवर. टाचा रोवत, तिरका होत मी उतरायला लागलो. पहिल्याच वळणाला घामानं निथळलो.

मागून धावत्या पावलांचा आवाज आला.

"थांब, लिंब्या. थांब. एकट्याला झेपायची न्हाई."

मी थांबलो नाही, पण हळू झालो. उदानं ट्रॉलीच्या मागच्या कडीला दोर बांधला, त्याचा वेढा कमरेला घेतला आणि अंग मागं टाकून उतरायला लागला. एकदम माझ्या पाठीवरचा भार गेला. नुसती दांडी धरून चालायचं काम उरलं.

बराच वेळ आम्ही तसेच उतरलो. फेटा सुटून त्याच्या गळ्यात आला होता. विहिरीतून दगड काढायचो तेव्हा तो असाच दोर कमरेला घ्यायचा.

"हाताला फोड यायला लागले रं," तो म्हणाला.

"फेटा गुंडाळ हाताला."

"चांगला हाय फेटा."

"मग फोड सोस."

तो हसला. मला हसू आलं नाही, पण आतलं काहीतरी सैल झालं. मी मनाशी म्हणत होतो, पागा गेली तर गेली. गाडीही गेली. हा असाच वाईपर्यंत आला, भर बाजारातून माझ्यामागं असा दोर धरून चालला, तर मी गावात जाऊन कुणाला काही सांगणार नाही. हौसालाही सांगेन की मलाच राहायचं नव्हतं. एवढं माझं ठरत आलं होतं.

तेवढ्यात वरच्या वळणावर गाडीचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. केणीसाहेब पाहुण्यांबिहुण्यांना न घेता एकटेच गाडी उतरवून बघायला निघाले असणार. दुसऱ्या गिअरवर उतरत होते, मी सांगितलं होतं तसं.

ट्रॉली एकाएकी जड झाली.

उदानं हाक दिली नाही. मला सावध केलं नाही. दोर नुसता सुटला. दांडीनं माझ्या पाठीत धक्का मारला आणि माझे पाय रस्त्यावरून घसरायला लागले. डाव्या हाताला दरी होती. मी सगळा जोर लावून दांडी उजवीकडं पिळली आणि ट्रॉलीसकट डोंगराच्या अंगच्या गटारात गेलो. चाक दगडावर आदळलं, ट्रंक उलटली, गुडघा सोलून निघाला. हातोडा रस्त्यावर घरंगळत गेला आणि थांबला.

मान वळवून बघितलं. उदा रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभा होता, ट्रॉलीपासून चांगला लांब. फेटा परत डोक्यावर गेला होता, घाईत बांधलेला. तो हात झटकत होता. गाडी त्याच्याजवळ थांबली. साहेबांनी काहीतरी विचारलं. त्यांना गटारातला मी दिसत नसेन.

"काही नाही," उदाचा आवाज मला स्पष्ट आला. "जरा पाय मोकळे करत होतो. बसू का? वाईला सोडा मला, तिथून एस.टी. मिळेल."

साहेब बाजूला सरकले. "तुम्हीच चालवा. शेवटची एकदा."

तो माझ्या जागेवर बसला. गाडी माझ्या शेजारून गेली तेव्हा मी गटारात गुडघ्यावर होतो. साहेबांनी मला बघितलं आणि त्यांचा हात अर्धवट वर झाला. उदानं मान सरळ ठेवली आणि हॉर्न वाजवला. वाटेतल्या माणसानं बाजूला व्हावं म्हणून वाजवतात, तसा. मी तर आधीच बाजूला होतो.

आवाज पुढच्या वळणाआड गेला. मी रस्त्यावरचा हातोडा उचलून आणला, ट्रंक सरळ केली, खांदा लावून चाक गटारातून बाहेर काढलं. मागच्या कडीला त्याचा दोर लोंबत होता. तो सोडून कडेच्या झुडपावर टाकला.

मग मी ट्रॉली उलटी फिरवली. तिची मागची बाजू उताराकडं करून तिला पुढं सोडली आणि दांडी धरून मी मागं राहिलो, अंगाचा सगळा भार वरच्या बाजूला टाकून. ती खाली ओढत होती आणि मी तिला एकेक पाऊल सोडत होतो. जमत होतं. एकट्या माणसाला उतार असाच उतरता येतो.